आधी चुकीचं बटण

ताई दाराच्या कुलपात कपाटाची किल्ली घालून फिरवत होती. कुलूप नवंकोरं, मीच नुकतं बसवलेलं, आणि खरी किल्ली माझ्या हातात.

"अगं, ही घे ना!"

"थांब रे ठोंब्या. आधी ही लागते का बघू दे."

"कपाटाची किल्ली दाराला कशाला लागेल?"

"लागली तर?"

तिने किल्ली सुलटी घातली, उलटी घातली, खांद्याने दार ढकललं, मग आईच्या केसांतली पिन काढून घेतली. कुलूप काही बधलं नाही. तेव्हा कुठे माझ्या हातातली किल्ली घेतली, एकदा फिरवली, "पास" म्हणाली आणि आत गेली.

ही माझी मोठी बहीण. आमच्या घरातली पहिली डिग्रीवाली, कॉम्प्युटरची. एका कंपनीत टेस्टर होती. बाकीचे कोड लिहायचे आणि ही तो बिघडवून बघायची. नाव लिहायच्या जागी आकडे टाकायचे, आकड्याच्या जागी काहीच टाकायचं नाही, एकदा दाबायचं बटण धडाधड दाबत सुटायचं. "शहाण्या माणसासाठी काय, कोणीही बनवेल," ती म्हणायची. "घाईतला, रडवेला, चष्मा विसरलेला माणूस आला की काय होतं, ते बघायचा पगार आहे मला."

ही खोड घरी पण आली. रिमोट असो, नळ असो, आधी चुकीचं करायचं. एकदा एटीएममध्ये सारखा चुकीचा पिन टाकत बसली आणि मशीनने कार्डच गिळलं. मागे रांगेत बाबा. बाबा शाळेची बस चालवतात, ओरडणं त्यांच्या रोजच्या कामातच येतं, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आणि नुसत्या वस्तूंवर नाही, माणसांवर पण.

मी नववीत शाळा सोडली. शाळेला काही फार वाईट वाटलं नसावं, सुटली बिचारी. घरी मात्र सुतक. आई बोलेना आणि बाबा बोलायचे थांबेनात. ताई तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीला आली, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बरं झालं की. राहू दे घरात. केर काढेल, भांडी घासेल. आईला तेवढाच आराम."

माझं डोकं सटकलं. "मी काय घरात बसायला शाळा सोडली का? मला काम करायचंय! हाताने करायचं काम पाहिजे मला!"

तिने डोळे बारीक केले. कुलपाकडे बघताना करते तसेच. आणि म्हणाली, "हां. मग असं सांग ना."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन काचवाल्याकडे गेली. ऑफिसांत काचेच्या केबिनी बसवणं, काढणं, दुकानांची दारं, बाथरूमची पार्टिशनं. मालकाने विचारलं, "पोरगा काच फोडणार तर नाही ना?" ताई म्हणाली, "फोडेल. पहिल्या महिन्यात फोडेल, नंतर नाही." तसंच झालं. आज मी त्याच मालकाचा मुख्य कारागीर आहे. म्हणून सांगतो, ताईबद्दल माझ्यासमोर कोणी वाकडा शब्द काढला तर मी ऐकून घेत नाही. ती चुकली असली तरी नाही. चुकली असली तर जास्तच नाही.

डिग्रीच्या सुरुवातीला तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. प्रोग्राम कागदावर लिहायची आणि सुट्टीत घरी आली की आम्हाला ओळीने बसवायची. आई एक डबा, मी एक डबा, धाकटी चिमी एक डबा. कोणाच्या हातात कोणता आकडा, तो कधी बदलायचा, कधी शेजारच्याला द्यायचा, ते ती वाचून सांगणार. आम्हीच तिचा कॉम्प्युटर. आई मधेच भाजी बघायला उठली की "मशीन हँग झालं" म्हणून ताई ओरडायची. मी मुद्दाम भलताच आकडा सांगायचो. चिमी एवढीशी होती, फ्रॉकमध्ये आकड्यांची चिठ्ठी धरून बसायची, पण तिचा आकडा कधी चुकला नाही. उलट विचारायची, "ताई, पण आईकडे काहीच नसेल तर मी काय करू?" आणि ताई तिचा गालगुच्चा घ्यायची. "हाच तर प्रश्न आहे गं!"

चिमी मोठी झाली ती ताईच्या मागे मागेच. बारावी झाली, मार्क चांगले पडले, आणि कॉलेजांच्या पसंतीक्रमात काय भरायचं हा प्रश्नच नव्हता. कॉम्प्युटर.

पण तोवर जग बदललं होतं. कोड आता मशीन लिहायला लागलं होतं. ताईच्या कंपनीत माणसं गटागटाने कमी होत होती. ती घरी फार सांगायची नाही, पण तिचा जेवणाचा डबा अर्धा तसाच परत यायला लागला होता. आणि जो तो अक्कल शिकवायला लागला. शेजारचे काका, ज्यांना स्वतःच्या फोनचा आवाज कमी करता येत नाही, ते जिन्यात गाठून बाबांना म्हणाले, "कॉम्प्युटर संपलं बरं का. पोरीचं वाटोळं करू नका." मी म्हटलं, "काका, आधी तुमच्या फोनची रिंग बंद करून दाखवा, मग आपण कॉम्प्युटर बंद करू." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली निघून गेलो. पण काकांचं म्हणणं बाबांच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

पसंती भरायची मुदत संपत आली त्याच आठवड्यात आमच्या मालकाला एक काम मिळालं. एका ऑफिसचा अर्धा मजला रिकामा करायचा, काचेच्या केबिनी काढून न्यायच्या. पत्ता बघितला तर ताईची कंपनी.

मी सकाळीच पोचलो. लांबलचक हॉल, अर्ध्या टेबलांवर नुसत्या वायरी लोंबत होत्या. खुर्च्या भिंतीला लावून एकीवर एक चढवलेल्या. मी ब्लेडने काच धरून ठेवणारं सिलिकॉन कापायचो, रबरी कप काचेला चिकटवायचो, आणि काच चॅनलच्या खाचेतून वर उचलून अलगद बाहेर. एकेक केबिन मोकळी होत गेली. कोपऱ्यातली शेवटची राहिली. तिच्या काचांना दुधी फिल्म होती, आतलं काही दिसत नव्हतं. गळ्यात कार्ड घातलेले एक साहेब आले आणि म्हणाले, "ही इतक्यात नको. अजून एक मीटिंग आहे."

गेटवरचे काका, म्हणजे तिथले वयस्कर वॉचमन, त्या दिवशी वर येऊन त्या केबिनच्या दाराशी उभे होते. मला वाटलं आमच्यावर लक्ष ठेवायला.

मी जिन्यात जाऊन बसलो. खाली टेम्पो उभा, फोनवर मालक बोंबलतोय. मी केबिनमधल्या माणसाला मनात शिव्या हासडत होतो. एवढं काय बोलायचंय? संपवा की लवकर!

बऱ्याच वेळाने ताई आली. हातात तिचा डबा. कपाळावरचे केस ओले.

"जेवलास का?"

"तू झोप काढून तोंड धुवून आलीस काय?"

"मग! आम्हाला झोपायचाच पगार आहे." हसली. "घे, सगळा खा. मी कॅन्टीनमध्ये खाल्लंय."

मी जेवेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. मग मला आत घेऊन गेली आणि जे कोणी टेबलांवर उरले होते त्यांना मोठ्याने म्हणाली, "हा माझा भाऊ." मला लाजच वाटली. शर्ट घामाने भिजलेला, हाताला सिलिकॉन. केबिन रिकामी झाली होती. मी कप लावले आणि दाराची काच उचलली. ताई शेवटपर्यंत तिथेच उभी होती. मला वाटलं, भावाचं काम बघतेय.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. बाबांनी मनात धरून ठेवलेलं विचारून टाकलं.

"काय गं, तुझ्या त्या डिग्रीला आता काही अर्थ राहिलाय का? ही तेच घ्यायचं म्हणतेय. तू सांगशील तसं करू."

चिमी हसत होती. तिला उत्तर माहीतच होतं.

"नको," ताई म्हणाली. "घेऊ नको. आता त्यात काही राहिलेलं नाही. दुसरं काहीही घे."

मी चिमीकडे बघितलं. आमची चिमी म्हणजे तापल्या तव्यावरचं पाणी. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी वाद घालणारी. म्हटलं, आता बघा भडका. पण ती काहीच बोलली नाही. पुढ्यातलं संपवलं, ताट उचललं, विसळलं आणि आत गेली.

एक गोष्ट मला तेव्हाही जाणवली. चुकीचं बटण दाबलं की ताई डोळे बारीक करून बघत राहते. त्या दिवशी ती ताटात बघत होती.

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून आली तेव्हा चिमी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती.

"पसंती भरलीस का?"

"भरली. लॉक पण केली."

"काय भरलंस?"

"सिव्हिल. बाबा म्हणाले, घरं काय मशीन बांधणार नाही."

ताई खांद्यावरची पर्स न काढता तशीच खुर्चीवर बसली. "आणि कॉम्प्युटर?"

"टाकलंच नाही."

"कुठेच नाही? शेवटी पण नाही?"

"तूच म्हणालीस ना, काही राहिलं नाही!"

ताईने एकदा माझ्याकडे, एकदा स्वयंपाकघरातल्या आईकडे बघितलं. आणि मग म्हणाली, "अगं, मी आधी चुकीचं टाकून बघत होते. तू भांडतेस का ते बघत होते."

चिमीच्या हातातले कपडे खाली पडले. "मी काय तुझं अॅप आहे का?"

"चिमे..."

"रात्रभर रडलेय मी! तुला बघायचं होतं?"

आई हात पुसत बाहेर आली. "अगं, मशीनला करतेस ते ठीक आहे. लेकराच्या आयुष्यात कसली बटणं दाबून बघतेस?"

मी मधे पडलो. "ताईने काही मुद्दाम केलेलं नाही!"

"मुद्दामच केलंय!" चिमी ओरडली. "तीच सांगतेय ना, मुद्दाम केलं म्हणून!"

तरी मी ताईच्या खुर्चीमागेच उभा राहिलो. उगाच. कोणीतरी तिच्या बाजूला असावं म्हणून.

सकाळी आम्ही तिघं प्रवेशाच्या केंद्रावर गेलो. ताईने सुट्टी टाकली, मी न सांगता दांडी मारली. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीनवर बघितलं. "लॉक म्हणजे लॉक. आता उघडत नाही."

"काहीच मार्ग नाही?" ताईचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"दुसरी फेरी आहे ना. मिळेल ती जागा हातात ठेवायची आणि दुसऱ्या फेरीत नवी पसंती द्यायची. कॉम्प्युटर पाहिजे? मिळेल की. यंदा लोक बिचकलेत, जागा राहतील." मग बाईंनी चष्म्यावरून चिमीकडे बघितलं. "पण बाळा, नीट विचार कर हां. परत बदलता येणार नाही. दुसऱ्या फेरीत मिळालं की पहिलं गेलं."

केंद्राच्या बाहेर सिमेंटचा बाक होता. चिमी एका टोकाला, ताई एका टोकाला, मधे मी.

"आता खरं सांग," चिमी समोर बघत म्हणाली. "टेस्ट नको."

"विचार."

"नोकरी मिळेल का?"

"माहीत नाही."

"तुझ्याकडे माणसं काढतायत ना?"

"काढतायत."

"मग?"

ताईने चप्पल जमिनीवर घासली. "मागे एक काम आलं होतं. लहान मुलांच्या दवाखान्याचं. नर्सने बाळाचं वजन टाकायचं की औषध किती द्यायचं ते दिसणार. कोड मशीनने लिहिला, तपासलाही मशीननेच. सगळीकडे हिरव्या खुणा. मी वजनाची जागा रिकामी ठेवली आणि पुढे गेले. त्याने थांबवायला पाहिजे ना? थांबवलं नाही. मोठ्या माणसाचा डोस दाखवला. एकदम ठणकावून, शंका नाही काही."

"अगं बाई," मी म्हटलं.

"मग तू काय केलंस?" चिमीने विचारलं.

"अडवून धरलं. उशीर झाला म्हणून शिव्या खाल्ल्या."

"पण ते मशीनला विचारलं असतं, तर त्याने पण शोधलं असतं की."

"असतं. विचारलं असतं तर." ताई पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "कोणी विचारलं नव्हतं, चिमे. ती जागा रिकामी राहू शकते, हे कोणाच्या डोक्यात तरी यावं लागतं ना? माझ्या डोक्यात ते डिग्रीच्या त्या चार वर्षांत आलं. अर्धी पुस्तकं विसरले मी. कॉम्प्युटरच्या ज्या भाषा शिकलो त्या तर कधीच जुन्या झाल्या. पण आत काय चाललंय आणि ते कुठे मोडेल, हे बघायची सवय लागली. ती गेली नाही."

"म्हणजे घेऊ?"

"डिग्री घेतली की नोकरी ठेवलेली आहे, असं वाटत असेल तर नको घेऊस. ते दिवस गेले. नुसतं सांगितलेलं टाइप करणारी होणार असशील तरी नको, ते काम आता मशीनचं. पण आत काय चाललंय ते कळल्याशिवाय तुला चैन पडत नसेल, तर दुसरं काही घेऊनही तू शेवटी इथेच येशील. उशिरा येशील एवढंच."

समोर रिक्षावाले भांडत होते. चिमी त्यांच्याकडे बघत होती, पण ऐकत नव्हती.

"तू परत अठराची झालीस तर?"

"हेच घेईन."

"आत्ताचं सगळं माहीत असून?"

"आत्ताचं सगळं माहीत असून."

"आणि हे चुकीचं बटण नाही?"

"नाही गं." ताईने माझ्या मांडीवरून हात लांबवून तिचा हात धरला. दोघींच्या मधे मी अवघडून बसलो होतो, हलता येईना.

चिमीने डोळे बारीक केले. हुबेहूब ताईसारखे. ताईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "तेव्हा फ्रॉकमध्ये चिठ्ठ्या धरून बसले होते ना मी, तेव्हाच माझी अॅडमिशन झाली. चला."

दुसऱ्या फेरीत तिला कॉम्प्युटर मिळालं. बाबा दोन दिवस धुमसले, मग बसमधल्या पोरांना पेढे वाटल्यासारखं सांगत सुटले.

कॉलेज सुरू झालं आणि थोड्याच दिवसांनी ताईने नोकरी सोडली. "कंटाळा आला," म्हणाली. "तेच तेच." बाबांचा पारा चढला. धाकटीला त्यात ढकललंस आणि स्वतः बाहेर पडलीस, असं तोंडावर म्हणाले. मी बाबांच्या अंगावर धावून गेलो, आईने ओढलं. ताईने आवाज चढवला नाही. तीन-चार दवाखान्यांचं काम धरलं. कॉम्प्युटरची नवी प्रणाली विकायला कोणी आलं की डॉक्टर आधी हिला बसवतात, आणि ही ती मोडून दाखवते. पैसे पहिल्यापेक्षा कमी, फिरणं जास्त. चिमी मशीनकडून कोड लिहून घेते आणि ताई शेजारी बसून त्याची वाट लावते. दोघी तासन्‌तास भांडतात. ऐकायला बरं वाटतं.

मध्यंतरी त्याच इमारतीत मला परत काम निघालं. रिकाम्या झालेल्या अर्ध्या मजल्यावर दुसरीच कंपनी आली होती, तिला केबिनी हव्या होत्या. गेटवरचे काका तेच. मला ओळखलं. चहा मागवला.

"बहीण कशी आहे तुझी?"

"मस्त. नोकरी सोडली ना तिने."

"सोडली?" काका कपात बघत राहिले. "हां. असं सांगितलं का घरी."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी केबिनी काढायला गेलो होतो त्या दिवशी कोपऱ्यातल्या दुधी काचेच्या केबिनमध्ये शेवटची मीटिंग चालली होती, ती ताईची होती. तिला काही महिन्यांची मुदत देऊन कमी केल्याचं तिथेच सांगितलं. अशा वेळी कोणी आरडाओरडा केला तर जवळ कोणीतरी असावं म्हणून काकांना दाराशी उभं करायचे.

"पण तिने काही केलं नाही," काका म्हणाले. "बाहेर आली, दार हळूच लावलं, आणि मला विचारलं, जिन्यात काच काढणारा पोरगा बसलाय, तो जेवला का."